मामांच्या गाडीतला एकुलता एक प्लग

विजेला घाबरणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, पण विजेच्या चारित्र्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लातुरात पस्तीस वर्षं वायरमनकी करून मामा निवृत्त झाले, त्यांचा संशय मात्र अजून नोकरीत आहे. कुठलंही बटण दाबण्याआधी ते हाताची उलटी बाजू लावून पाहतात. "तळहात लावला तर करंट धरून ठेवतो, उलटा लावला तर झटकून देतो," हे ज्ञान त्यांनी मला माझ्या लग्नात आशीर्वाद म्हणून दिलं. बँकेत सही करताना त्यांच्या खिशातून पेनाच्या जागी टेस्टर निघतो. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवात उघडी वायर दिसली, तर यांनी सरळ मेन स्विच पाडला. गोरज मुहूर्त, त्यात अंधार. नवरीनं घातलेला हार भटजींच्या गळ्यात गेला. "हार काढता येतो, जळालेला माणूस परत येत न्हाई," असं म्हणून मामा पहिल्या पंगतीला जाऊन बसले.

अशा माणसानं फिरतं घर बांधायला घेतलं, त्याला कारण मामी. मामींना दमा आहे. तो उसळला की दहा मिनिटांत वाफेचं मशीन लागतं आणि मशीनला प्लग लागतो. त्यामुळे सहा वर्षं त्या धर्माबादला माहेरी गेल्या नव्हत्या. तिकडे थोरल्या भावाचे गुडघे गेलेले, म्हणजे तोही येऊ शकत नव्हता. फोनवर एकमेकांना "जेवलास का", "जेवलीस का" विचारून दोघं रडायचे. शेवटी मामांनी एका शाळेची जुनी व्हॅन घेतली. पलंग, शेगडी, पडदे पंधरा दिवसांत झाले. प्लगला आठ महिने लागले.

"फ्यूज ब्याटरीच्या गळ्याशीच पाहिजे. लांब ठिवला तर मधली वायर पेटल्यावर त्यो काय बघत बसंल?" असं म्हणत त्यांनी अंगठ्याएवढी जाड वायर टाकली. इन्व्हर्टर तापू नये म्हणून त्याला खिडकीची जागा दिली, मामींना मधली. गाडी दारात असताना जोडायची घरची लाईट आणि इन्व्हर्टर एकाच वेळी प्लगला भिडू नयेत म्हणून मधे बदलीचा स्विच आला. "एका म्यानात दोन तलवारी न्हाई राहत, जावईबापू." शिवाय करंट कुठं गळला की टक्कन पडणारा सेफ्टी स्विच. त्याचं टेस्टचं बटण मामा रोज सकाळी दाबायचे, रोज तो पडायचा, आणि रोज मामा मान हलवायचे. "बटणानं पडतो हो, पर खऱ्या वक्ताला पडंल का?"

"तुमची टेस्ट व्हईस्तोवर माझा भाऊ राहील का?" एक दिवस मामींनी विचारलं आणि रविवारी निघायचं परस्पर ठरवून टाकलं.

रविवारी गाडीची पूजा झाली. टायरला, स्टेअरिंगला, बॅटरीला आणि अर्थातच प्लगलाही हळदकुंकू लागलं. नारळ फोडायचा मान जावयाचा. मी सगळा जोर लावून तो गाडीच्या पायरीवर आपटला आणि पाण्याची चिळकांडी थेट चालू प्लगमध्ये गेली. टक्! सेफ्टी स्विच पडला. मी फुटका नारळ पाठीमागे लपवला. मामा मात्र अंगणात चक्क नाचायला लागले. "पडला! आपोआप पडला! आठ महिन्यांत मला सुचलं न्हाई ते जावयानं एका नारळात केलं!" तरी त्यांनी प्लग बदलला, सगळं कोरडं केलं, टेस्टर लावला आणि मगच गाडी निघाली.

नांदेड सोडल्यावर रस्त्याच्या धुळीनं मामींना धाप लागली. मामांनी गाडी लिंबाखाली घेतली, मशीन लावलं आणि ते गुणगुणू लागलं. मामींची वाफ होईपर्यंत मामांनी त्यांचा हात धरून ठेवला होता, सरळ तळहातानं. धर्माबादला भाऊ दारातच खुर्ची टाकून बसला होता. "आलीस का गं," म्हणाला आणि फोनवरच्या सवयीनं लगेच "जेवलीस का" विचारू लागला.

त्यानंतर तीनदा त्यांची भेट झाली. चौथ्या खेपेला भाऊ नव्हता.

परवा गेलो तेव्हा मामा व्हॅनच्या पायरीवर बसले होते. "वायरिंग चार महिन्यांतच झाली व्हती, जावईबापू," ते म्हणाले. "बाकीचे चार मी नुसता भिऊन राहिलो." मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला. "अवं, वैनी एकटी हाय तिकडं. जायचं का धर्माबादला?"

मामांनी खिशात हात घातला. आता टेस्टर निघणार असं मला वाटलं. निघाली गाडीची किल्ली.