गर्दी: भरपूर

मागच्या महिन्यात मी तो गेम पुन्हा लॅपटॉपवर चढवला आणि अर्ध्या तासात माझी मलाच लाज वाटली. कॉलेजात असताना ह्याच गेमपायी मी कर्जत स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत कित्येक संध्याकाळी फुकट घालवल्या. तेव्हा वाटायचं, ह्यापेक्षा भारी काही माणसाने बनवलेलंच नाही. आता बघतो तर निव्वळ पोरखेळ.

गेम असा, की तुम्हाला एक मोकळी हिरवी जमीन मिळते आणि तिच्यावर फिल्म स्टुडिओ उभा करायचा. सेट बांधायचे, लेखक नेमायचा, हिरोहिरोइनीचे रुसवे काढायचे, सिनेमा पाडायचा आणि पुढचा सुरू करायचा. लेखकाला खोलीत कोंडलं की दारावर घड्याळ फिरतं आणि पलीकडून कथा बाहेर पडते, गिरणीतून पीठ पडावं तशी. हिरोच्या डोक्यावर एक पट्टी असते. तो रुसला की ती लाल होते. मग त्याला मेकअपची मोठी व्हॅन द्यायची, लगेच हिरवी. बस, एवढीच कलेची जाण. गावाचा सेट म्हणजे पवनचक्की, गवताचे भारे आणि लाकडी कुंपण. त्या सेटवर मी ग्रामीण सिनेमे काढत असे, आणि गेममधले समीक्षक त्याला मातीतला सिनेमा म्हणत असत. मीही भाताच्या खाचरांत वाढलेला मुलगा, पण ती तारीफ वाचून फुगून जायचो. डोक्यावर पडलेला होतो, दुसरं काय.

आणि गर्दी. सिनेमा सुरू करायच्या आधी गेम विचारतो, गर्दी किती हवी? कमी, बेताची, की भरपूर? मी नेहमी भरपूर घ्यायचो, कारण गर्दीला व्हॅन लागत नाही, तिच्या डोक्यावर पट्टीही नसते. चार चेहरे काढलेत, तेच पुन्हा पुन्हा चिकटवलेत. त्यातही आळस असा, की ही माणसं पुठ्ठ्यासारखी चपटी आहेत. कॅमेरा फिरवाल तशी तीही फिरतात. लग्न असो, दंगल असो, मयत असो, सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे. हे मला तेव्हा कधी खटकलं नव्हतं.

हा गेम आताच का आठवला, तर बाबांमुळे. बाबा हल्ली गर्दीत जातात.

आमचं गाव लोधिवलीहून थोडं आत. मी बायकोला घेऊन दहिवलीत राहतो. आई गेल्यावर बाबांना म्हटलं, चला आमच्याकडे. दोन दिवस राहिले आणि करमत नाय म्हणून परत गेले. गावाच्या कडेला कुणा मुंबईकराने बंगला बांधला आहे. त्यात तो स्वतः कधी राहिला नाही, शूटिंगला भाड्याने देतो. आमच्या भागात आता हे पीकच झालंय. जिथे तिथे कमानी, खोटे खांब, खोटी देवळं. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि देवळाचं शिखर पोळीसारखं वर येतं. शूटिंगवाल्यांना माणसं लागली की टेंपो गावात येतो, आणि आमची शहाणीसुरती माणसं दाढ्या करून त्यात चढतात. दिवसभर उन्हात उभं राहायचं, कुणी अरे म्हटलं की इकडे, कुणी ओ म्हटलं की तिकडे. पॅकअप झालं की घरी येऊन हिरोइनीला जवळून बघितल्याच्या बढाया.

बाबा ह्यातले निघतील असं मला वाटलं नव्हतं. आयुष्यभर ह्या माणसाने मालिकांना नाक मुरडलं. आई रोज संध्याकाळी एक मालिका बघायची आणि बाबा मुद्दाम मध्ये उभे राहून टोपी झटकायचे. ती चिडायची, हे हसायचे. आई गेली, मालिका मात्र अजून चालूच आहे. त्यातली सासू दोनदा मरून परत आली. आणि नेमकं त्याच मालिकेचं शूटिंग गावाकडेच्या त्या बंगल्यात सुरू झालं, तेव्हा पहिल्या टेंपोत बाबा.

त्यांना पैशाचं काही नव्हतं. त्यांना एकच हवं होतं, त्या मालिकेत एकदा तोंड दिसलं पाहिजे. हे त्यांनी मला सरळ सांगितलं, लाजबीज न बाळगता. "एकदा तोंड दिसू दे रं, मग नाय जायचा मी." मी म्हटलं, कशाला ही थेरं ह्या वयात? 

पण तोंड काही दिसेना. बाजाराच्या सीनमध्ये त्यांच्या हातातली मेथीची जुडी दिसली. लग्नात ते खांबाआड गेले. मोबाइलवर चित्र थांबवून, बोटांनी मोठं करून ते मला दाखवायचे, ह्यो बघ, ह्यो कोपर माझा. मी बघायचो आणि मला राग यायचा. त्या शूटिंगवाल्यांचा यायचा आणि बाबांचाही. ज्या माणसाच्या शब्दावर भावकीचे तंटे मिटायचे, तो माणूस कोपर दिसलं म्हणून खूश. त्या रागातच मी तो गेम शोधून काढला. बघावं तरी, असं काय आहे ह्यात, की एके काळी मीही वेडा झालो होतो. काही नव्हतं. गर्दी, भरपूर.

मग मयताचा सीन आला. सासू तिसऱ्यांदा मेली. त्या सकाळी मी गावीच होतो आणि टेंपो आला नाही, म्हणून मीच बाबांना मोटरसायकलवर सोडायला गेलो आणि फाटकापाशी उभा राहिलो. काय तो तमाशा. नदीकाठी फळ्यांची चिता रचलेली, खाली गॅसची नळी. मयताला आलेल्या पुरुषांना भगवे फेटे. बायकासुद्धा स्मशानात, त्याही नथी घालून. एकीच्या केसांत गजरा. आमच्याकडे लग्नालाही लोक एवढे नटत नाहीत. बाबांनी फेटा नाकारला आणि आपली पांढरी टोपीच घातली. कपडेवाला कटकट करत निघून गेला. मी एकेक चूक मोजत होतो आणि मनातल्या मनात खदाखदा हसत होतो.

तेवढ्यात एक असिस्टंट पुढे आला. माझ्या पुतण्याच्या वयाचा असेल, गळ्यात शिट्टी, पायात दोन रंगांचे बूट. त्याने सगळ्यांना सूचना दिली, "अग्नी दिया, के सब लोग इधर चलते आना. मैं शिट्टी मारूंगा, तो सब पलटके चिता को देखना. कॅमेरा उधरही है. एक एक का फेस आएगा." ते ऐकून गर्दीत एकदम हालचाल झाली. कुणी केस बसवले, कुणी मिशी. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मीही हात वर केला. म्हटलं, चला, मिटली एकदाची कटकट, आजपासून हा माणूस सुटला. मग वॉचमनने मला गाडी काढायला लावली आणि पुढचं काही मला दिसलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना आणायला गेलो, तर परत येताना बाबा गाडीवर गप्प होते. एरवी शूटिंगवरून आले की त्यांच्या तोंडाला कुलूप लागत नाही. मी विचारलं, आलं का तोंड? म्हणाले, बघू. मला वाटलं, उन्हात दमले असतील.

तो भाग लागणार होता त्या दिवशी आम्ही नवराबायको गावी गेलो. माझ्या बायकोने हौसेने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. ती भजी तळत होती. केस कापणारा शेजारी, पोल्ट्रीवाला, त्यांच्या बायका, घर भरलं. सगळ्यांचाच चेहरा येणार होता, त्यामुळे जो तो स्वतःसाठी आला होता. बाबा मात्र दाराशी बसले, टीव्हीपासून लांब. मी दोनदा पुढे बोलावलं. आले नाहीत.

चिता पेटली. संगीत सुरू झालं, ढोल, सनई, मध्येच विजेचा कडकडाट, आकाश निरभ्र. लोक चितेकडे पाठ करून चालू लागले. मग सगळे वळले. कॅमेरा एकेका तोंडावरून सरकायला लागला. केस कापणारा आला, डोळे मोठे करून, जणू मटका लागलाय. घरात हशा. पोल्ट्रीवाला आला. त्याची बायको पदर तोंडावर घेऊन हसली. एकेक ओळखीचं तोंड पुढे येत होतं, सगळी आमच्याकडे बघत होती. आणि मग त्या रांगेच्या शेवटी, एवढ्या तोंडांच्या पलीकडे, एक पांढरी टोपी दिसली. पाठमोरी. ती चालतच होती. सगळे थांबलेले आणि हा एकटा माणूस चालत चाललेला. कॅमेरा त्या टोपीवर क्षणभर अडकला, मग जाहिरात लागली.

केस कापणारा म्हणाला, अरे, हे तर आपले काका. कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. एवढे महिने ह्यासाठी घालवले, कोपरं दाखवली, आणि ऐन वेळी सांगितलेली एक गोष्ट करता आली नाही. मी सगळ्यांसमोर बाबांना बोललो. म्हटलं, शिट्टी ऐकू आली नाही का? त्या पोराने काय सांगितलं ते कळलं नाही का? सगळ्या जगाला कळतं, तुम्हालाच कसं कळत नाही?

"कळलं की," बाबा म्हणाले. "पण स्मशानातनं निघालेला मानूस वळून बगत नाय."

पोल्ट्रीवाल्याचं हसू तोंडातच राहिलं. मी म्हटलं, अहो, ते खोटं होतं. फळ्या होत्या त्या, खाली गॅस होता.

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझ्या आईला ठेवून आलो, तवा लय वाटलं का एकदा वळून बगावं. नाय वळलो. आता ह्यांच्या फळ्यांसाठी वळू?"

 मी त्या सेटवरच्या सगळ्या चुका मोजल्या होत्या, फेटे, नथी, गजरा. ही एक माझ्या ध्यानात आली नव्हती. बायको स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन तशीच उभी होती.

आईला पोचवून परत येतानाचा रस्ता मला तेव्हा आठवला. बाबा सगळ्यांच्या पुढे होते, मी त्यांच्या मागे. नदीपासून घरापर्यंत ते एकदाही थांबले नाहीत, आणि मला रस्ताभर त्यांची हीच पाठ दिसत होती.