शेवटचं पोर येईपर्यंत

आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना सगळे काटा सर म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. सूर्य इकडचा तिकडे होईल, पण त्यांचा तास मिनिटभरही उशिरा सुरू व्हायचा नाही. मी शेजारच्या वर्गात चित्रकला शिकवायचो आणि माझा तास कधीच वेळेवर सुरू झाला नाही, त्यामुळे आमचं जमायचं ते फक्त डबा खाताना.

शाळेच्या शर्यतींत वेळ नोंदवायचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडेच. शेवटचं पोर रेष ओलांडत नाही तोवर घड्याळ थांबवायचं नाही आणि जागचं हलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा एक ढोल्या मुलगा चालत चालत आला. तोवर बक्षिसं वाटून झाली होती, तरी हे आपले उन्हात उभे. मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

त्या वर्षीच्या शर्यतींत पंधराशे मीटरला नववीतली एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. रेष पन्नास पावलांवर असताना ती पडली. अडखळून नाही, हात पुढे न टाकता सरळ तोंडावर. बाकीच्या तिला मागे टाकून आल्या. सरांनी त्यांच्या वेळा घेतल्या आणि तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत उभे राहिले.

आम्ही शहाणे धावलो. ऊन लागलं म्हणालो. पाणी शिंपडलं, वहीनं वारा घातला, तळपाय चोळले. ती मधूनच घरघरायची, तेव्हा श्वास चालू आहे असं एकमेकांना सांगायचो. चौदा वर्षांच्या पोरीचं हृदय बंद पडलं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तिची छाती पहिल्यांदा दाबली ती अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर आलेल्या माणसानं, आणि तोवर सगळं संपलं होतं. एवढ्या पदव्यांची माणसं, आणि एकालाही काही येत नव्हतं. मला अजून स्वतःची चीड येते.

आठवड्यानं तिची आई दप्तर न्यायला आली. मदत मिळायला किती वेळ लागला, एवढंच तिनं विचारलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, लगेच मिळाली. मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

"अकरा मिनिटं शेहेचाळीस सेकंद," दाराशी उभे असलेले काटा सर म्हणाले.

"तुम्ही मोजत होता?" आईनं विचारलं.

"घड्याळ चालूच होतं. ती पडली तेव्हाचा आकडाही लक्षात होता. मी रेषेवर होतो."

"तिच्याजवळ का नाही गेलात?"

सर म्हणाले, "मला वाटलं, उठेल ती. तिची वेळ घ्यायची राहिली होती, ताई."

आईनं दप्तरातून एक वही काढली, मागचं कोरं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"दोन्ही लिहून द्या. पळाली तेवढी, आणि पडून राहिली तेवढी."

सरांनी पेन माझ्याकडे सरकवलं. आकडे त्यांनी सांगितले आणि लिहिले मी.