केरूच्या फळीचे चार फिन

केरूला मी फारसा ओळखत नव्हतो. भाट्याच्या किनाऱ्यावर चार उन्हाळे संध्याकाळचा शेजारी, एवढंच. त्याच्या घराची पायरीही मी कधी चढलो नाही. त्याच्याविषयी लिहायचा माझा काही हक्क नाही. पण गेल्या आठवड्यात किनाऱ्यावर रिसॉर्ट चालवणाऱ्या सागरकडे त्याची सर्फची फळी भिंतीला टांगलेली पाहिली. खाली पाटी, ‘भाट्याचा पहिला पतंगवीर’. फळीच्या शेपटाखाली तीन फिन, म्हणजे माशाच्या परासारखे पंखे, तेही उलटे बसवलेले, टोकं पुढे. पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढत होते. ज्याने जिवंत केरूला दारात उभं केलं नाही, त्याने मेल्यावर त्याला शोभेला लावलं, आणि तेही धड नाही. मला लिहायची सवय नाही, पण गप्पही बसवेना.

केरू बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा परक्या बंदरात त्याने मोठा पतंग धरून पाण्यावर पळणारी माणसं पाहिली आणि नोकरी सोडून एक पतंग नि जुनी सर्फची फळी घेऊन घरी आला. पन्नाशीला आलेला माणूस. पर्यटकांना हा खेळ शिकवायचं त्याच्या डोक्यात होतं. सागर जागा द्यायला तयार होता, अट एकच. जिथून निघशील तिथेच पाण्यावरून परत येऊन दाखव. अट चुकीची नव्हती. ज्याला स्वतःला परत येता येत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?

केरूला परत येता येत नव्हतं. दुपारचा वायव्येचा वारा त्याला पतंगासकट किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, झरी विनायकाच्या देवळाकडे घेऊन जायचा आणि केरू फळी डोक्यावर घेऊन वाळू तुडवत यायचा. मासे विकणारी सखू टोपली खाली ठेवून त्याची वाट बघायची. “काय रे केरू, होडी तुला नेते की तू होडीला?” असं रोज विचारायची आणि रोज नव्याने हसायची.

केरूच्या मते दोष फिनांचा. पतंग वाऱ्याबरोबर ओढतो, आणि शेपटाखालचे हे पंखे पाण्यात रुतून फळी तिरकी धरतात. त्यांनी धरलं तर माणूस वाऱ्यावर चढत परत येतो, नाहीतर वाहत जातो. एवढ्या गोष्टीचं त्याने शास्त्र केलं होतं. एक फिन लावला तर फळी मागून फिरते. तीन लावले तर वळते झकास, पण घसरते. मोठे लावले तर पाय भरून येतात, छोटे धरतच नाहीत. मी काही विचारत नसे, तरी सांगायचा. मुलीला स्थळ बघताना माणसं इतका घोळ घालत नाहीत. पायांना जोर नाही, पतंग हातात ठरत नाही, हे त्याच्या मनालाही शिवत नसे.

तरी गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी चार फिन लावून तो गेला आणि वाऱ्यावर चढत चढत, जिथून निघाला होता त्याच सुरूच्या झाडासमोर येऊन वाळूला लागला. मी पाहिलं. सखूनेही पाहिलं आणि त्या दिवशी न हसताच टोपली उचलून घरी गेली. केरूने लगेच सागरला रविवारी यायला सांगितलं.

रविवारी सागर पांढरे बूट घालून आला. केरूने तेच चार फिन लावले होते. फळीच्या टोकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाण्यात शिरला. पतंगाने ओढ घेतली आणि केरू फळीवरून घसरला. चढला, परत घसरला. तिसऱ्यांदा तर फळी एकीकडे आणि केरू दुसरीकडे. सागर बुटांतली वाळू झटकून निघून गेला. केरू झरीकडून चालत आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

फळी खाली ठेवायला मी हात लावला तर हात तेलकट झाला, वर मुशी माशाच्या तेलाचा तो उग्र वास. पाय धरावेत म्हणून फळीच्या पाठीला तो रोज मेण लावायचा. ते त्याने सकाळी खरवडून काढलं होतं आणि घरातल्या होड्यांना मोसमाच्या आधी पाजतात तसं फळीला तेल पाजलं होतं.

“केरू, तेल कशाला लावलंस?”

“मग काय सुकी घालू पाण्यात? आज मुहूर्त होता तिचा.”

“अरे, त्यानेच पाय सरकले.”

“तेलाने होडी कधी बुडलेय, आबा?” तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत होता. मग त्याने फळी पालथी केली आणि स्क्रू सोडवायला बसला. चार वर्षांत एक गोष्ट बरोबर जमली होती, तीच हा बाबा उपटून काढत होता.

त्याच रात्री त्याला ताप भरला. कावीळ निघाली आणि आठवड्यात सगळं संपलं. मी भेटायला गेलो नाही, तेवढी ओळख नव्हती. म्हणून आमचं शेवटचं बोलणं ते तिथलंच, तो स्क्रू सोडवत होता तेव्हाचं.

“चारांनी घात केला,” केरू म्हणाला. “उद्या तीन लावून बघतो. तुम्ही असाल ना?”

“असेन की.”

“मग येताना पाण्याची बाटली आणा. माझी रोज घरी राहते.”

“आणतो,” मी म्हटलं.