चकाकीच्या आधी

बाबूराव खेडकर चाक बघण्याआधी ऐकत. मोटारसायकलचे चाक आसावर टांगून ते एकेका तारेला नखाने टिचकी मारत आणि मान कलती करून आवाज घेत. ताणलेली तार खणखणे, सैल तार बद्द वाजे. मध्येच गिऱ्हाईक बोलले तर ते हात थांबवत, त्याचे बोलणे पूर्ण होऊ देत आणि पहिल्या तारेपासून पुन्हा सुरुवात करत. दोनदा असे झाले की गिऱ्हाईक आपोआप गप्प बसे.

नगरमध्ये नागापूरच्या रस्त्याला त्यांचे पत्र्याचे दुकान होते. त्याआधी बरीच वर्षे ते लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. तेथे चाके केली आणि येथेही फक्त चाकेच करत. इंजिनाचे कोणी विचारले तर म्हणत, "ते वरचं खातं. आपलं खातं जमिनीला टेकलेलं."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. बदली झालेले लष्करी अधिकारी आपल्या जुन्या इंग्रजी मोटारसायकली नगरमध्येच विकून जात. त्यांतल्या काहींच्या रिमा पोलादी नसत, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असत. ही रिम गंजत नाही. काळवंडते आणि तिच्यावर पांढरट पुटे चढतात. ती उजळण्याचे काम आमच्या माहितीत एकटे बाबूराव करत. सगळ्या तारा सोडवून ते रिम मोकळी करत, पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक असा फिरवत आणि शेवटी मलम लावून फडक्याने घासत. दिवसभर घासल्यावर तिच्यात तोंड दिसे.

मात्र त्याआधी एक काम असे. ते रिमेला रॉकेल चोपडून रात्रभर ठेवत. सकाळी ती कोरडी पुसून तिच्यावर खडूची भुकटी भुरभुरत. कोठे बारीक चीर असली तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटे. अशी रिम ते परत देत आणि भंगारात घाला म्हणून सांगत. हे आधीच का करायचे, असे एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "घासल्यावर धातू चिरंवर लोळतो. चीर झाकून घेतो. मंग खडूला काय कप्पाळ दिसनार? आदी चीर, मंग चकाकी."

अशोक हा घोडेगावजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. गुरांच्या दवाखान्यात तो मदतनीस होता, पण सगळे त्याला डॉक्टर म्हणत. दुष्काळामुळे जागोजागी गुरांच्या छावण्या उघडल्या होत्या. एका मेजरकडून घेतलेल्या मोटारसायकलवरून तो या छावण्यांवर फिरे. खडीच्या रस्त्यांनी चाके खिळखिळी झाली होती. ती त्याने बाबूरावांकडे टाकली आणि चार दिवसांनी येतो म्हणून गेला. तिसऱ्याच दिवशी दुपारी तो परत आला. संगमनेरला मुलगी पाहायला जायचे ठरले होते आणि निघायचे होते उद्या सकाळी.

मागचे चाक तयार होते. पुढची रिम अजून काळीच होती. बाबूरावांनी त्याची थट्टा केली.

"डॉक्टर, पोरगी तुमच्या तोंडाकडं बगंल का चाकाकडं?"

"तोंडाचं काय खरं न्हाई, बाबूराव. म्हनून तर चाक घासून द्या."

बाबूराव हसले आणि कामाला बसले. रात्रभर रॉकेल मुरायला वेळ नव्हता. उजेड आहे तोवर घासणे उरकावे म्हणून त्यांनी क्रम बदलला. रिम आधी घाईने घासून उजळली, मग तासभर रॉकेल लावून ठेवले, पुसले आणि खडू भुरभुरला. खडू पांढराच राहिला. रात्री चाक चढले.

लग्न जमले. अशोक पेढे घेऊन दुकानात आला आणि मुलीच्या भावाने चाकांचे कौतुक केल्याचे सांगून गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका छावणीवरून परतताना, पुढची रिम तारेच्या भोकापाशी फाटली. अशोक जागीच गेला.

आमच्या वृत्तपत्रात चार ओळी आल्या. त्या प्रस्तुत लेखकानेच लिहिल्या होत्या. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे त्यांत 'भरधाव वेगामुळे ताबा सुटून' असे शब्द होते.

बाबूराव पोलीस चौकीत जाऊन ते चाक पाहून आले. तुटलेल्या काठावर दोन रंग होते. बहुतेक भाग नुकताच तुटल्यासारखा लखलखीत होता. भोकालगतचा बोटभर भाग मात्र काळा होता. तो काळा भाग म्हणजे जुनी चीर. रिम त्यांच्या हातात होती तेव्हाही ती चीर होती. चौकीतल्या जमादाराने त्यांचे ऐकून घेतले आणि पंचनामा झाला आहे म्हणाला.

मग ते अशोकच्या घरी गेले. वडील ओसरीवर बसले होते. बाबूरावांनी सगळे सांगितले. चीर, खडू, बदललेला क्रम, काहीही मागे ठेवले नाही. वडिलांनी आत जाऊन बातमीचे कात्रण आणले. ते म्हणाले, पोरगा लहानपणापासून उतावळाच होता. त्याला किती वेळा सांगितले, हळू चालव. बाबूराव पुन्हा सांगू लागले, तेव्हा म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला.

"तुमी आमचं मन राखाया आलात. लई उपकार झाले. पन पेपरात आलंय ना."

आणि त्यांना जेवायला बसवले.

दुसऱ्या दिवशी बाबूराव आमच्या कार्यालयात आले. त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. त्यांचे म्हणणे थोडके होते. बातमीतून वेग काढावा आणि आपले नाव घालावे. संपादक शांतपणे म्हणाले की पोलिसांनी दिले तेच छापले आहे, कारागिराच्या सांगण्यावरून खुलासा छापता येत नाही आणि नाव छापले तर उद्या दुकानाला कुलूप लागेल.

"लागू द्या की," बाबूराव म्हणाले. "बाप पोराला दोष देतोय, साहेब. मेलेल्या पोराला. घाई त्याची हुती, पर हात माझा हुता."

संपादकांनी चहा मागवला. चहा येण्याआधी बाबूराव निघून गेले. बातमी लिहिणारा त्या वेळी खोलीतच होता. त्याने पुढची बातमी लिहायला घेतली.

दुकान पुढे चालू राहिले. पोलादी चाके ते पूर्वीसारखीच करत, तारा ऐकत. उजळायच्या रिमा मात्र त्यांनी घेणे सोडले. गिऱ्हाईक आग्रह करू लागले तर ते कारण सांगत, अगदी पहिल्यापासून, अशोकच्या नावासकट. काहींना ते विनयाचे बोलणे वाटे, काहींना म्हातारपणाचे. खरे कोणी धरले नाही. वर्षातून दोनदा ते घोडेगावला जात. म्हातारा त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसे. "शिव्या दिल्या आसत्या तर दोन घास तरी गोड लागले आसते," असे ते एकदा म्हणाले.

अशोकचे वडील मुलाला उतावळा समजूनच गेले. त्यानंतर वर्षभरात बाबूराव अंथरुणाला खिळले. प्रस्तुत लेखक भेटायला गेला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, आता तरी छापता येईल का? नाही, असे सांगितले. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. त्यांच्या निधनाच्या बातमीत 'कुशल कारागीर' असा उल्लेख आला. तोही याच हातचा.

त्या चार ओळींच्या बातमीतील दुरुस्ती अशी: मोटारसायकल भरधाव असल्याचा कोणताही पुरावा नव्हता. पुढच्या चाकाच्या रिमेला जुनी चीर होती. त्या रिमेचे काम बाबूराव सखाराम खेडकर यांनी केले होते आणि तसे त्यांनी स्वतः येऊन सांगितले होते.