सासूबाईंनी उपटलेला सा

ग्रुपमधल्या ज्यांनी मला कलिंबा घ्यायला लावला, त्यांनी तरी हे वाचाच.

लाकडी पेटीवर लोखंडी पट्ट्या, दोन अंगठ्यांनी वाजवायच्या. नवशिकी म्हणून मी सगळ्यात कमी पट्ट्यांचा निवडला. मधली लांब पट्टी म्हणजे सा. एक पाळणा छान बसत आला होता.

आज आमच्या तालुक्याच्या गावाहून, गोरेगावच्या बाजारातून परतले, तर सासूबाई ओसरीवर विड्या वळत बसलेल्या. विडीचं तोंड दाबायची त्यांची पट्टी हरवली होती. म्हणून त्यांनी पक्कड घेऊन माझा सा उपटला होता.

मला रडूच आलं.

"काऊन रडून राहिली वं? बाकीच्या आहेत ना!"

नवरा मोबाईलमधून मान वर न काढता हसला.

हट्टानं मी उरलेल्या पट्ट्यांवर पाळणा वाजवला. प्रत्येक ओळीच्या शेवटी अंगठा रिकाम्या जागेवर पडत होता. सासूबाई हात थांबवून ऐकत होत्या. वाटलं, आता तरी काही वाटलं असेल.

"अंगठे मस्त चालतेत तुझे," म्हणत त्यांनी तेंदूपत्त्याचं सूप माझ्याकडे सरकवलं. "उद्यापासून विड्या वळाले बस."

सुटी पट्टी कुठं मिळते? आणि मिळालीच तर या घरात लपवू कुठं, तेही सांगा.