दिल्लीत फिट येत नाही

मी करोल बागेत भाव करायला लागले की पानिपतचे दुकानदार दर उतरवतात, एवढा माझा आवाज. पण त्या दुपारी इमर्जन्सीच्या दारात मी घसा फोडत होते आणि एकालाही कळत नव्हतं. अंबाबाईला मनात म्हटलं, जन्मभर तुझी ओटी भरली, तू दिल्लीला येतेस तरी का?

पुण्याहून मुलाकडे नोएडाला येऊन आम्हाला वर्ष होत आलं होतं. ह्यांना अधूनमधून झटके येतात. पुण्याच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, ते मी घराबाहेरच ठेवलं. घरात म्हणायचं ते ‘फिट’. ह्यांनाही तेवढंच ठाऊक, असा माझा समज. त्या दिवशी हे करोल बागेच्या बाजारात कोसळले. रिक्षात घालून दवाखान्यात आणेपर्यंत झटका थांबला, पण शुद्ध येईना.

"भैया, इनको फिट आया है," मी गार्डला म्हटलं.

"फिट हैं तो घर ले जाओ, माताजी."

"अरे, आकडी आई है इनको."

"इस उमर में सबको अकड़ आ जाती है."

तेवढ्यात आतून एक जण आला, ह्यांचं तोंड हुंगून म्हणाला, "पी रखी है क्या?" ताक जरा आंबट झालं तरी पेला बाजूला सारणारा माझा नवरा. आणि त्यांचा ओठ पुन्हा फडफडायला लागला होता.

बाकावर एक बाई मोसंबी सोलत बसली होती. ती म्हणाली, "आंटी, मिरगी है ना? मेरे बेटे को भी है. मिरगी बोलो, तब सुनेंगे."

घराबाहेर ठेवलेलं नेमकं तेच नाव. जीभ उचलेना. देवीला म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच बोल. आणि मग असा आवाज निघाला की कुतुबमिनार हलला असेल, "मेरे मिस्टर को मिरगी है."

स्ट्रेचर धावत आलं. रक्त काढलं. रिपोर्ट येईपर्यंत मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की चालत कोल्हापूर गाठलं असतं. रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं. फिटच्या गोळ्यांनीही तसं होतं, डॉक्टर म्हणाले. लगेच सलाईन लावलं.

देव मदत करून अदृश्य होतात म्हणे. ही बाई तिथेच होती. मला दोन फोडी खायला लावल्या आणि बिया रुमालात धरायला सांगितलं.

संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले. मी कानाशी वाकून म्हटलं, "अहो, तुम्हाला मिरगी आहे."

"माहीत आहे गं. डॉक्टरांनी मलाच आधी सांगितलं होतं. तुला झेपणार नाही, म्हणून मीही आपला फिट फिट म्हणत होतो."

इतकी वर्षं मी देवीकडे ह्यांच्यासाठी काय काय मागत आले, त्या संध्याकाळी काहीच मागितलं नाही. सुई न टोचलेला त्यांचा हात धरला आणि तशीच बसून राहिले.