अँटेनावर पालथा डबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

स्मृति नगरातल्या आमच्या इमारतीत संध्याकाळी, आणि सुटीच्या दिवशी तर दिवसभर, मोबाइल नुसता हातात धरायचा. बाहेर एकच टॉवर, त्यावर साऱ्या वस्तीचा भार. दोनशे पानांच्या पंगतीत एकच वाढपी. वरण येईतो भात गार. मग मोबाइल कंपनीने दर मजल्यावर, जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर, बशीएवढा अँटेना बसवला. पंगत तीच, पण ओळीओळीला वाढपी. सगळे खूश.

मी सोडून. रेंज नव्हती तोवर रविवार माझा होता. आता जेवून आडवा झालो की स्टील प्लांटमधून साहेबांचा फोन, "ज़रा आ जाइए ना."

समोरच्या काकूंचा स्टीलचा डबा आमच्याकडे पडून होता. दिवाळीचा चिवडा त्यातून आलेला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि भरायला आम्हाला मुहूर्त मिळत नव्हता. एका रविवारी तोच मी आमच्या मजल्याच्या अँटेनावर पालथा घातला. स्टीलखाली रेंज अडते, स्टीलच्या गावात राहून एवढं कळतंच. फोन गप्प. मी घोरलो.

रविवारी दुपारीच काकूंची नागपूरची लेक व्हिडिओवर येते, हे मला ठाऊक होतं. तिला नववा लागलेला. काकू रेंजसाठी गुडघे धरत गच्चीवर जायच्या. दाराआडून मला कण्हणं ऐकू यायचं. कंपनीचा माणूस दोनदा आला. दोन्ही वेळा मी आधीच डबा उचलून ठेवला होता. "यहाँ तो फुल है, अम्मा."

"भाऊ, माह्याच फोनले कावून होऊन राहिलं असं?"

"जुना झाला असेल, काकू," मी म्हणालो. त्यांनी नवा घेतला.

पुढच्या रविवारी त्या जिन्यातच बसल्या. लेकीला दवाखान्यात नेलं, एवढं कळलं आणि फोन तुटला होता. मी बाहेर आलो आणि त्यांच्यासमोरच डबा उचलला. मिनिटभरात त्यांचा फोन वाजला. नात झाली होती.

डोळे पुसून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "हा तं माहा डबा! दिवाळीपासून शोधून राहिली मी!"

"काकू, रेंज मीच अडवत होतो. दर रविवारी."

"ते राहू द्या. रिकामा नका देऊ, म्हंजे झालं."

गुडघ्यांचं त्या काही बोलल्या नाहीत. तेच टोचतं.

बायकोने चकल्या भरून दिल्या. रविवारी दुपारी काकूंचा आवाज भिंतीतून स्वच्छ आला, "चकली वातड हाय बाप्पा. पण डबा आला!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्लांट. मी उचलला.